ओठ आधी, शब्द मागून

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या आईला घेऊन ताईकडे जर्मनीला गेलो होतो. आईचे वय ७२. विमानात बसण्याची तिची ही पहिलीच वेळ. मुंबई ते फ्रँकफर्ट म्हणजे साडेआठ-नऊ तासांचा प्रवास. एवढा वेळ जायचा कसा, अशी तिला काळजी होती. म्हणून ताईने तिला आधीच एक मोठे, कान पूर्ण झाकणारे बिनतारी हेडफोन पाठवून दिले होते. घरी मोबाईलला जोडून आई त्यावर रोज गाणी ऐकत असे. आता समोरच्या आसनाच्या पाठीवर सिनेमाचा पडदा असणार, आणि कानाला हे हेडफोन! सगळी जय्यत तयारी होती.

विमान वर गेले. आईने एक जुना हिंदी सिनेमा निवडला, हेडफोन कानाला लावले आणि माझ्याकडे पाहिले. आवाज नाही. मी हेडफोनची कळ दाबली, निळा दिवा लुकलुकू लागला. पण पडद्यावर हेडफोन जोडण्याची सोयच दिसेना. मग हवाईसुंदरीने दिलेले साधे, तारेचे हेडफोन लावून पाहिले. त्यातून आवाज येत होता, पण इंजिनाच्या घरघरीत आईला एकही वाक्य नीट कळेना. शेवटी तिने तो सिनेमा मूकपटासारखा अखेरपर्यंत पाहिला. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक शेजारी बसलो होतो, आणि माझ्या शास्त्राचा काडीचाही उपयोग नव्हता!

असे का व्हावे? हेडफोन चांगले, पडदाही चांगला; मग दोघांचे जमले का नाही?

एकमेकांची भाषा

आसनाच्या हाताजवळ किंवा पडद्याखाली जे छोटे भोक असते, त्यातून काय बाहेर येते ते आधी पाहू. विमानात एका संगणकात सारे सिनेमे अंकांच्या रूपात साठवलेले असतात. तेथून तारेवाटे ते तुमच्या आसनापर्यंत येतात आणि तेथे त्या अंकांचे रूपांतर कमी-अधिक होणाऱ्या विद्युत दाबात केले जाते. हा दाब त्या भोकातील धातूच्या पट्ट्यांवर येतो. साध्या हेडफोनची पिन आत घातली की त्यातील तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, चुंबकाजवळचे वेटोळे पुढेमागे हलते, त्याला चिकटलेला पातळ पडदा थरथरतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. सारा मामला सरळ.

बिनतारी हेडफोनला मात्र विद्युत दाब नको असतो. त्याला हवे असतात रेडिओ तरंग, आणि तेही विशिष्ट पद्धतीने अंक वाहून आणणारे. या पद्धतीला ब्लूटूथ म्हणतात. (दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या ‘निळदात्या’ या टोपणनावावरून हे नाव पडले. राजाचा आणि रेडिओचा एवढाच संबंध!) हेडफोन म्हणजे ग्राही. पण ग्राही असून काय उपयोग, समोर प्रेषकच नसेल तर? मोबाईलमध्ये असा प्रेषक असतो. बहुतेक जुन्या विमानांच्या आसनांत तो नसतो. आई रेडिओ लावून बसली होती आणि आकाशवाणी केंद्रच नव्हते, असे म्हणा ना!

या भोकांची एक जुनी गंमतही सांगतो. १९६१ साली अमेरिकेत टीडब्ल्यूए या कंपनीने आपल्या विमानांत नियमितपणे सिनेमे दाखवायला सुरुवात केली. १९६३ मध्ये प्रवाशांसाठी जे हेडफोन आले, त्यांत तार मुळी नव्हतीच. ध्वनिवर्धक आसनाच्या हातातच बसवलेला असे, आणि डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या पोकळ प्लास्टिकच्या नळ्यांतून आवाज, म्हणजे नुसती हवेची कंपने, कानापर्यंत येत. म्हणजे विमानातले पहिले हेडफोनही एका अर्थाने ‘बिनतारी’च होते! पुढे विजेवर चालणारे हेडफोन आले आणि त्यांना दोन पिना आल्या: एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची. अशा पिना बाहेर कोठे चालत नाहीत, त्यामुळे प्रवासी हेडफोन घरी नेत नाहीत, असा त्यामागे हिशोब होता असे सांगतात. तुमच्या घरच्या हेडफोनच्या एकाच पिनेवर तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि मागचा भाग दोघांना समाईक. दोन भोकांपैकी एकातच ती घातली तर पुष्कळदा एकाच कानात आवाज येतो. मग माणूस हेडफोन बिघडले म्हणून फेकून द्यायला निघतो. त्यासाठी दोन पिनांचा एक छोटा जोड मिळतो. तो वापरला की काम भागते.

घरघर पुसायची कशी?

आईला साध्या हेडफोनमधून संवाद का कळले नाहीत, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उडत्या विमानात आत सुमारे ८० डेसिबलचा गोंगाट सतत चालू असतो आणि त्यात कमी कंप्रतेचा, म्हणजे खर्जातला आवाज फार असतो. वय वाढते तसे आपले कान प्रथम उंच कंप्रतेचे आवाज ऐकेनासे होतात. आता गंमत पाहा. आपल्या बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे बरेचसे खालच्या कंप्रतेचे असतात. पण स, श, त, क यांसारखी व्यंजने उंच कंप्रतेची आणि दुबळी असतात. शब्द ओळखायचा तो व्यंजनांवरून. ‘साल’ की ‘चाल’ की ‘ताल’, हे ‘आ’वरून कसे कळणार? म्हाताऱ्या माणसांना ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ असे होते ते यामुळे. त्यात इंजिनाची घरघर भर घालते. मग आपण त्यांच्या कानाशी ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात आणि व्यंजने तेथल्या तेथेच राहतात!

आईच्या हेडफोनमध्ये घरघर पुसून टाकण्याची सोय होती. ही युक्ती तुम्ही शिकलेल्या व्यतिकरणाचीच. ध्वनी म्हणजे हवेतील संपीडन आणि विरलन. बाहेरून संपीडन येत असेल, त्याच क्षणी आपण तितकेच विरलन निर्माण केले, तर दोन्ही मिळून शांतता! हेडफोनवरचा छोटा मायक्रोफोन बाहेरचा गोंगाट टिपतो, आतले मंडल त्याची उलटी प्रतिमा तयार करते आणि कानाजवळचा पडदा ती वाजवतो. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीचे पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये तिचे अमेरिकन पेटंट मिळाले होते. पण तेव्हाच्या साधनांनी ते जमण्यासारखे नव्हते. १९७८ साली अमर बोस हे अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक झुरिकहून विमानाने परत निघाले होते. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून गोंगाटामुळे संगीत धड ऐकू येईना, तेव्हा बोस यांनी बसल्या जागी कागद काढून गणित मांडायला सुरुवात केली. वैमानिकांसाठी असा हेडफोन त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणला. मध्ये ११ वर्षे गेली! प्रवासात सुचलेली कल्पना आणि वापरता येईल अशी वस्तू यांत केवढे अंतर असते पाहा.

ही युक्ती खर्जातल्या आवाजावर उत्तम चालते. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर. एवढ्या लांबलचक तरंगाची उलटी प्रतिमा करताना एखाद्या सेंटीमीटरची चूक झाली तरी चालते. पण ३,४०० हर्ट्झला तरंगलांबी फक्त १० सेंटीमीटर. तेथे थोडी चूक झाली की आवाज पुसला जाण्याऐवजी वाढायचाच. म्हणून इंजिनाची घरघर नाहीशी होते आणि मागच्या रांगेतल्या बाळाचे रडणे मात्र थोडेबहुत ऐकू येतेच.

हे सारे काम हेडफोनच्या आतच होते. त्याला रेडिओ लागत नाही. त्यामुळे बिनतारी जोडणी नसतानाही घरघर पुसता येते. आईला हे मी दाखवल्यावर तिने निदान झोप तरी चांगली काढली.

एक बोटभर डबी

परतीच्या प्रवासात ताईने एक बोटभर डबी दिली. तिची पिन आसनाच्या भोकात घालायची. ही डबी म्हणजे प्रेषक. येणारा विद्युत दाब ती दर सेकंदाला ४४,१०० वेळा (काही डब्या ४८,००० वेळा) मोजते आणि प्रत्येक मापाचा एक अंक लिहिते. एकेका मापाला द्विमान पद्धतीचे १६ अंक आणि कान दोन. म्हणजे ४४,१०० × १६ × २. गुणाकार करून पाहा: दर सेकंदाला १४,११,२०० अंक! एवढे सगळे पाठवणे जड जाते, म्हणून डबी त्यांची गाठोडी बांधते. कानाला जे फारसे जाणवणार नाही ते ढोबळ मापाने लिहून हा आकडा सुमारे सव्वातीन लाखांवर आणता येतो. मग रेडिओ तरंगांवर ही गाठोडी रवाना होतात. हेडफोन ती सोडतो, अंकांचा पुन्हा विद्युत दाब करतो आणि दाबाचा आवाज. सिनेमा मुळात अंकांतच होता, त्याचा दाब केला, दाबाचे पुन्हा अंक, अंकांचा पुन्हा दाब. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच!

हे रेडिओ तरंग २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले. त्यांची तरंगलांबी सुमारे १२ सेंटीमीटर. विमानातले वाय-फाय आणि दोनशे प्रवाशांचे हेडफोन याच पट्ट्यात गर्दी करणार. मग एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात का जात नाही? समजा, तुम्ही आणि तुमचा मित्र जत्रेत गेला आहात. एकाच जागी उभे राहिलात तर धक्केच खाल. पण दर मिनिटाला कोणत्या दुकानासमोर भेटायचे याची यादी दोघांनी आधीच ठरवून ठेवली, तर? एखाद्या ठिकाणी फार गर्दी असली तरी बिघडत नाही. पुढच्या मिनिटाला जागा बदलतेच. ब्लूटूथमध्ये या पट्ट्याचे ७९ भाग केलेले असतात आणि प्रेषक व ग्राही दोघे मिळून सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलू शकतात. कोणत्या क्रमाने उड्या मारायच्या, हे ते जोडले जाताना ठरते. शेजाऱ्याची यादी निराळी, त्यामुळे दोघे क्वचितच एका जागी आदळतात. आणि आदळलेच तर हरवलेले गाठोडे पुन्हा पाठवले जाते. उड्या मारणाऱ्या कंप्रतेची अशीच एक योजना १९४२ मध्ये हेडी लमार ही प्रसिद्ध सिनेनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी पेटंट केली होती. शत्रूला आपल्या पाणतीराचे रेडिओ नियंत्रण बिघडवता येऊ नये, हा हेतू. त्यांच्या योजनेत ८८ कंप्रता होत्या, पियानोला असतात तेवढ्या!

मात्र जोडणी होईपर्यंत घोटाळा होऊ शकतो. पलीकडच्या रांगेतले एक गृहस्थही त्याच वेळी आपले हेडफोन कोठेतरी जोडू पाहत होते. आमच्या डबीने आईऐवजी त्यांनाच गाठले. त्यांच्या पडद्यावर मोटारींची शर्यत आणि कानात आमच्या सिनेमाचे संवाद! ते बराच वेळ आपल्याच पडद्याकडे संशयाने पाहत होते.

विमानाच्या यंत्रणेला या डबीचा उपद्रव होत नाही का, असे तुम्ही विचाराल. वैमानिक नियंत्रण कक्षाशी बोलतो ते ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे डबीच्या कंप्रतेपासून फार दूर. शिवाय अशा डबीची शक्ती बहुधा काही मिलिवॅट, तर मोबाईल मनोऱ्याशी बोलताना एक-दोन वॅटपर्यंत जाऊ शकतो. पुरेशा तपासण्यांनंतर अमेरिकेत २०१३ मध्ये आणि भारतात २०१४ मध्ये प्रवाशांना आपली छोटी उपकरणे विमानात वापरण्याची मोकळीक मिळाली. तरीही कर्मचाऱ्यांनी बंद करा म्हटले की बंद करायचे.

आईची तक्रार

अखेर आवाज आला! आई खूश झाली. पण पाचच मिनिटांत तिने माझा हात हलवला.

“अरे, हे लोक आधी तोंड हलवतात आणि मग बोलतात. दुसऱ्यानं आवाज दिलाय का रे?”

मी हेडफोन लावून पाहिला. मला काही वावगे वाटले नाही. “अगं आई, बरोबर तर आहे,” मी म्हणालो. तिने मान हलवली. थोडे लक्ष देऊन पाहिले तेव्हा मात्र कळले, की तिचेच बरोबर होते.

गाठोडी बांधायची तर थोडे अंक आधी जमवावे लागतात. ती बांधणे, पाठवणे, सोडणे यांत वेळ जातो. पण सर्वांत अधिक वेळ जातो तो साठवणीत. तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते ना? नळाचे पाणी मध्येच गेले तरी टाकीमुळे घरातली धार तुटत नाही. हेडफोनही तसाच थोडा आवाज आधी साठवून ठेवतो. एखादे गाठोडे हरवले तर ते पुन्हा येईपर्यंत साठ्यावर भागते. तो साठा भरेपर्यंत थांबावे मात्र लागते. सगळे मिळून अशा साध्या डबीत ०.१५ ते ०.२५ सेकंदाचा उशीर सहज होतो.

हा उशीर केवढा? ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तेव्हा ०.२ सेकंदात ध्वनी ६८ मीटर जातो. क्रिकेटच्या मोठ्या मैदानावर सीमारेषेपाशी बसलात, तर फलंदाजाची बॅट आधी फिरलेली दिसते आणि ‘टक्’ मागून ऐकू येते. तेच अंतर! पडदा नाकापासून दोन हातांवर, पण आवाजाच्या दृष्टीने आई नटांपासून सीमारेषेइतकी लांब बसली होती.

दूरदर्शन प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे आढळले आहे, की आवाज चित्राच्या पुढे ०.०४५ सेकंद गेला तरी प्रेक्षकाला खटकू लागते; मागे पडला तर मात्र सुमारे ०.१२५ सेकंदापर्यंत लक्षात येत नाही. हा पक्षपात का? निसर्गात प्रकाश नेहमी आधी पोहोचतो आणि ध्वनी मागून. नदीच्या पलीकडच्या काठावर धुणे आपटणारा माणूस असो की पावसाळ्यातली वीज असो, मागून येणाऱ्या आवाजाची मेंदूला सवय असते. आवाज आधी आणि दृश्य मागून, असा अनुभव कोणाला येतो?

पण मला जे जाणवले नाही ते आईला पाच मिनिटांत कसे जाणवले? कारण ती ओठ वाचत होती! हे तिने कोठे शिकले नव्हते. व्यंजने ऐकू येईनाशी झाली तसतशी ती नकळत माणसांच्या तोंडाकडे पाहू लागली होती. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. त, द म्हणताना मिटत नाहीत. कानाचा अर्धा शब्द आणि डोळ्याचा अर्धा शब्द जोडून ती पूर्ण करते. दोन अर्धे एकाच वेळी आले नाहीत तर जोडणार कसे? मला कानानेच सारे कळत होते, म्हणून मी ओठांकडे पाहिलेच नव्हते. आणि घरी ती मला “समोर येऊन बोल” म्हणायची तेव्हा मी ते लाडाने म्हणते असे समजत होतो.

आता एक कोडे. हेच हेडफोन मोबाईलला जोडून आई सिनेमे पाहते, तेव्हा ओठ आणि शब्द बरोबर जुळतात. उशीर तर तेथेही आहे! मग? मोबाईलला ठाऊक असते की आपण बिनतारी हेडफोनला आवाज पाठवत आहोत आणि तो अमुक इतका उशिरा वाजणार आहे. म्हणून तो चित्रही तेवढेच थांबवून दाखवतो. विमानातल्या पडद्याला मात्र भोकात डबी आहे की साधी तार आहे, हे कळतच नाही. तो आपला चित्र आणि विद्युत दाब एकाच क्षणी सोडून मोकळा होतो. अलीकडे काही विमानांच्या आसनांतच ब्लूटूथ प्रेषक येऊ लागला आहे. तेथे पडद्याला उशिराचा हिशोब करता येतो. कमी उशिराच्या नव्या पद्धतीही निघाल्या आहेत. त्यांतील काहींमध्ये हा उशीर सुमारे ०.०४ सेकंदापर्यंत खाली येतो. पण डबी आणि हेडफोन दोघांनाही तीच पद्धत येत असली पाहिजे, नाहीतर ते मुकाट्याने जुन्या पद्धतीवर येतात.

हा उशीर तुम्हालाही मोजता येईल. घरी एखादा बिनतारी ध्वनिवर्धक असेल तर तो मोबाईलला जोडा आणि पडद्यावर बोट टेकताच सूर निघतो असा एखादा पियानोचा खेळ उघडा. बोट आणि सूर यांतले अंतर लगेच कळेल, कारण येथे मोबाईलला तुमचे बोट थांबवून ठेवता येत नाही! दुसऱ्या मोबाईलने याचे चित्रण करून ते सावकाश पाहिले, तर किती चित्रे मध्ये गेली ते मोजून उशीर काढता येतो. चित्रणाचा वेग सेकंदाला ३० चित्रे असेल आणि मध्ये ६ चित्रे गेली, तर उशीर ०.२ सेकंद.

आईने तो सिनेमा डोळे मिटून ऐकला. तिने तो तरुणपणी पाहिलेला होता, त्यामुळे चित्रावाचून अडले नाही.

घरी आल्यावर हेडफोन ठेवायला कपाटातून त्यांचे मूळ खोके काढले, तर तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत काळी, हातभर लांबीची एक तार निघाली. एका टोकाला हेडफोनमध्ये घालायची पिन, दुसऱ्या टोकाला आसनात घालायची. तारेतून येणाऱ्या प्रवाहाला गाठोडी बांधावी लागत नाहीत आणि टाकीही भरावी लागत नाही. घरघर पुसण्याची सोय तारेबरोबरही चालतेच. आईने ती तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“म्हणजे ही इतके दिवस इथंच होती?” तिने विचारले.

मी समोर येऊन, ओठ नीट हलवत, “हो” म्हणालो.